किशोरवयातील व्यसन : पहिले दहा दिवस डॉक्टरांचे

(संस्थेच्या वर्धापनदिनी रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)





व्यसनमुक्ती हा विषय आपल्या व्यासपीठाला नवा नाही. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी म्हणतो. तेव्हा दारू वाईट, गांजा वाईट हे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. ते येथील लहान मुलालाही पाठ आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. जो पंधरा, सोळा, सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आधीच व्यसनाच्या तावडीत सापडली आहे, तिला त्यातून सुखरूप बाहेर कसे काढायचे? पहिल्या दिवशी काय करायचे, दुसऱ्या दिवशी कोणाकडे जायचे, रात्री अंगाला कंप सुटला तर काय समजायचे? याविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते.

आपल्या वाड्यावाड्यांतून अशा वेळी सामान्यतः काय घडते ते आपण सर्वजण जाणतो. वडील मुंबईला नोकरीस, आई गावी. मुलगा संध्याकाळी घरी येत नाही, आला तर तोंडाला वास येतो. आई काही दिवस झाकून ठेवते. मग शेजाऱ्यांना कळते, भावकीला कळते. वाडीची बैठक बसते. चारचौघांत मुलाला उभे करतात, कोणी दोन थोबाडीत देतो, कोणी दंड सांगतो, आणि शेवटी त्याच्याकडून शपथ घेतात की, आजपासून थेंब घेणार नाही. किंवा घरचे त्याला खोलीत कोंडतात. कोणी अंगारा आणतो, कोणी चहातून द्यायची निनावी पुडी आणतो. हे सारे मुलाच्या भल्यासाठीच केले जाते, यात शंका नाही. परंतु नशेची सवय शरीरात खोल मुरलेली असेल, तर अशी एकाएकी केलेली तोडणी मुलाच्या जिवावर बेतू शकते. आजच्या व्याख्यानातून आपण एवढी एक गोष्ट घरी नेली तरी आमचे काम झाले असे आम्ही मानू.

शरीरात काय घडते

शाळेत आपण सर्वांनी रस्सीखेच खेळलेली आहे. दोन्ही बाजू जोर लावून ओढत असतात आणि एका बाजूने दोर अचानक सोडला, तर दुसरी बाजू पाठीवर आपटते. दारूचे तसेच आहे. दारू मेंदूचे काम मंद करते. रोज दारू पोटात जाऊ लागली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागे ठेवायला शिकतो. मग एके दिवशी दारू एकदम बंद झाली की मेंदूचा तो जोर मोकाट सुटतो. यालाच डॉक्टर विथड्रॉवल म्हणतात.

शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळते, झोप लागत नाही. काही जणांना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, ताप चढतो, आपण कोठे आहोत याचे भान राहत नाही. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स असे नाव आहे. उपचार न झाल्यास पूर्वी या अवस्थेत शंभरातले पस्तीसपर्यंत रुग्ण दगावत. वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली येते. आणि आपल्याकडे नेमक्या याच अवस्थेला कोणी बाहेरची बाधा म्हणतो आणि रुग्णाला दवाखान्याऐवजी भगताकडे नेतो! बाबासाहेबांनी आपल्याला ज्या अंधश्रद्धेतून बाहेर काढले, ती या दाराने पुन्हा घरात शिरते.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, तसेच अफूच्या जातीच्या इतर पदार्थांचा प्रकार थोडा वेगळा. शेवटच्या सेवनानंतर आठ ते बारा तासांत नाक-डोळे वाहू लागतात, हाडे दुखतात, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात. गर्दुल्ले याला टर्की म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास कळसाला जातो आणि आठ-दहा दिवसांत ओसरतो. हा त्रास सहसा जीव घेत नाही. परंतु उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी होऊन धोका होऊ शकतो, आणि वेदना असह्य झाल्याने मुलगा भिंत ओलांडून पुन्हा पुडीकडे पळतो. झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्यांनी त्या एकदम सोडल्या तर त्यांनाही फिट येऊ शकते. गांजा सोडल्यावर चिडचिड होते, भूक मरते, झोप उडते. एक-दोन आठवडे हे चालते.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक वस्तू फार घातक आहे. ती म्हणजे रुमालावर घेऊन हुंगले जाणारे चिकटद्रव्य, व्हाइटनर, थिनर. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. हुंगण्याच्या पदार्थांच्या बाबतीत मुलांचे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा जास्त आढळले : मुलांत १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. बाकी कोणत्याही नशेत असे आढळले नाही. या एका व्यसनासाठी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार आहेत असा अंदाज त्यात दिला आहे. हे पदार्थ स्वस्त आहेत, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, आणि पहिल्याच वेळी हुंगताना हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो. विद्यार्थी मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

डॉक्टर काय करतात

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मित्रांच्या नादाने शिमग्याला एकदा बिअर घेतलेल्या प्रत्येक मुलाला दवाखान्यात भरती करण्याची गरज नसते. किशोरवयात बहुतेकांचे व्यसन शरीरात मुरण्याइतके जुने नसते. त्यांना समुपदेशन, घरच्यांचे लक्ष आणि शाळेची साथ पुरते. भरती कोणाला करायची हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. मुलगा रोज घेतो का, सकाळी उठल्याबरोबर लागते का, न मिळाल्यास कंप किंवा उलट्या होतात का, पूर्वी फिट आली आहे का, एकाहून अधिक नशा करतो का, जीव देण्याची भाषा करतो का? यांपैकी काहीही असेल तर घरी प्रयोग करू नयेत.

भरती केल्यावर डॉक्टर लघवी आणि रक्त तपासतात, यकृत कसे आहे ते पाहतात. काही काही तासांनी नाडी आणि रक्तदाब मोजतात. दारूसाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखे औषध मुलाचे वय-वजन पाहून देतात आणि रोज थोडे थोडे कमी करत पाच-सात दिवसांत बंद करतात. रस्सीचा दोर एकदम न सोडता हळूहळू सैल करण्यासारखेच हे आहे. सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण दारूमुळे ते शरीरात कमी होते आणि मेंदूला कायमची इजा पोहोचू शकते. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा क्लोनिडीन ही औषधे असतात. ही सर्व औषधे डॉक्टरांच्या हातातच शोभतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर दुकानातून आणलेली हीच गोळी नवे व्यसन होऊन बसते.

मग असे डॉक्टर कोठे भेटतील? आपण रत्नागिरीकर या बाबतीत भाग्यवान आहोत. महाराष्ट्रात सरकारची जी चार जुनी मनोरुग्णालये आहेत, ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, त्यांतले एक आपल्या शहरात १८८६ पासून उभे आहे. आपल्या जिल्ह्यात या रुग्णालयाचे नाव थट्टेत घेतले जाते. तू रत्नागिरीला जा, असे म्हणून मुले एकमेकांना चिडवतात. या थट्टेपायी किती आयांनी पायरी चढण्याचे टाळले असेल! व्यसन हा मनाचा आणि मेंदूचा आजार आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञ हेच त्याचे डॉक्टर आहेत. तेथे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करण्यात कोणतीही लाज नाही.

या रुग्णालयाच्या स्थापनेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, दि. २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्या काळी मुंबई-पुण्यात गर्दने तरुण मुलांना वेढले होते. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. येरवड्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी हे काम अंगावर घेतले आणि १९९७ मध्ये निधन होईपर्यंत चालवले. तेथे पहिले दिवस औषधोपचाराचे, आणि नंतरचे आठवडे गटचर्चा, व्यायाम, श्रम आणि समुपदेशनाचे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे नव्यांचा हात धरतात. अंगातली नशा उतरवणे हे उपचाराचे पहिले पाऊल आहे, संपूर्ण उपचार नव्हे, हे मुक्तांगणने महाराष्ट्राला दाखवून दिले.

कायदा मुलाच्या बाजूने

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार या कायद्यात येतात. अठरा वर्षांखालील मुलाला भरती करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्याला प्रौढांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, वेगळी सोय करावी लागते. आई-वडिलांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ त्याच्यासोबत राहायचे असते, आणि मुलगी असेल तर सोबत स्त्रीच हवी. भरतीची खबर बहात्तर तासांच्या आत मानसिक आरोग्य मंडळाला द्यावी लागते. आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. आणि साखळदंडाने बांधणे कोणत्याही स्वरूपात मना आहे.

साखळदंडाचे नाव घेतले की तामिळनाडूतील एरवाडी गावाची आठवण होते. तेथे दि. ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी निवासाला आग लागली आणि साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण पळूही न शकल्याने जळून गेले. तेव्हा, 'महिन्यात पोरगा सरळ करून देतो' अशी जाहिरात करणाऱ्या ठिकाणी मुलाला सोपवण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. सरकारी नोंदणी आहे काय? डॉक्टर रोज येतात काय? मुलांची सोय मोठ्यांपासून वेगळी आहे काय? आम्हाला मुलाला भेटू देता काय? यांतल्या एका प्रश्नालाही टाळाटाळ झाली तर मुलाला घेऊन परत फिरावे.

पोलिसांच्या भीतीने अनेक पालक गप्प बसतात. सेवनाच्या किंवा थोड्या साठ्याच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात त्याला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. उलट, मुलाला दारू वा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे कायद्याने तोंड लपवायचे आहे ते विकणाऱ्याने, आजारी मुलाच्या आईने नव्हे.

दहा दिवसांनंतर

मुलगा दहा दिवसांनी घरी आला, चेहरा उजळला, जेवू लागला. घरच्यांना वाटते, सुटला! पण खरा नाजूक काळ येथूनच सुरू होतो. विशेषतः गर्दच्या बाबतीत एक भयंकर गोष्ट आहे. उपचारानंतर शरीराची नशा सहन करण्याची ताकद कमी झालेली असते. पूर्वी जेवढी मात्रा घेत होता तेवढीच त्याने पुन्हा एकदा घेतली, तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून नुसती नशा उतरवून मुलाला पुन्हा त्याच कट्ट्यावर सोडून देणे हे अर्धवट काम आहे, आणि गर्दच्या बाबतीत ते न केल्यापेक्षाही धोक्याचे ठरू शकते. पुढचे अनेक महिने त्याने डॉक्टरांकडे जात राहिले पाहिजे, समुपदेशकाला भेटले पाहिजे, शाळा किंवा एखादे काम सुरू केले पाहिजे. पुन्हा घसरला तर आभाळ कोसळले असे समजू नये. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण त्याला वाळीत टाकत नाही, डॉक्टरांकडे नेतो. येथेही तेच करावे.

आता शपथेविषयी. पाचव्या शीलाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. विनयपिटकात स्थविर सागत यांची कथा आहे. मोठे सामर्थ्यवान भिक्खू. कौशांबीच्या लोकांनी भक्तिभावाने घरोघरी त्यांना मद्य दिले आणि ते नगराच्या वेशीजवळ झिंगून पडले. तथागत तेथून जात होते. त्यांनी सोबतच्या भिक्खूंना काय सांगितले? सागताला उचलून सोबत घ्या, असे सांगितले. विहारात आणल्यानंतर त्यांनी संघाला मद्याचे दुष्परिणाम समजावले आणि मद्यपान न करण्याचा नियम घालून दिला. हा क्रम आपण ध्यानात घ्यावा. पडलेल्याला आधी उचलले, नियम त्यानंतर सांगितला. आपण वाडीच्या बैठकीत नेमके उलटे करतो. पडलेल्याला नियम सांगतो आणि उचलायला कोणी पुढे येत नाही. ज्याचे हात थरथरत आहेत, त्याच्याकडून घेतलेली शपथ टिकत नाही, आणि ती मोडली की आपण खोटारडेही ठरलो या लाजेने तो आणखी पितो. शरीर शांत झाल्यावर, मन थाऱ्यावर आल्यावर, त्याने स्वखुशीने शील ग्रहण करावे. मग ते शील त्याला आयुष्यभर सांभाळील.

आपण काय करावे

संस्थेच्या सभासदांपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. विहाराच्या फलकावर तीन क्रमांक कायमचे लिहून ठेवावेत : व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, आणि अडचणीतल्या मुलांसाठी १०९८. गावचे मंडळ आणि मुंबई मंडळ यांनी मिळून एक छोटा निधी बाजूला काढावा. औषधाला पैसे लागले नाहीत तरी एसटीचे भाडे लागते, आणि मुलासोबत दहा दिवस राहणाऱ्या आईची दहा दिवसांची मजुरी बुडते. ती भरून दिली तर कित्येक मुले उपचार अर्धवट टाकून परतणार नाहीत. प्रत्येक शाखेने एक स्त्री आणि एक पुरुष असे दोन कार्यकर्ते नेमावेत. त्यांनी गुपित राखावे आणि कुटुंबासोबत रुग्णालयाची पायरी चढावी. व्यसनी मुलाला भर बैठकीत उभे करण्याची आणि दंडाची प्रथा आपल्या संस्थेने ठराव करून बंद करावी. आणि वडीलधाऱ्यांनी लग्नाच्या हळदीला, गणपती-शिमग्याला चाकरमानी गावी आल्यावर जे चालते ते आधी थांबवावे. मुलगा आपले भाषण ऐकत नाही, आपले वागणे पाहतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्याशी. एखादा मित्र पिऊन बेशुद्ध पडला तर घाबरून त्याला एकटे सोडून पळू नका. त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. मिठाचे पाणी पाजू नका, अंगावर गार पाणी ओतू नका. श्वास मंद वाटला, ओठ निळे पडले, हलवून जाग येत नसेल, तर तत्काळ १०८ ला फोन करा आणि त्याने काय घेतले आहे ते डॉक्टरांना खरे सांगा. घरच्यांचा मार तुम्ही नंतर खाल, पण मित्र जिवंत राहील. आणि तुमच्यापैकी कोणाला स्वतःलाच ही सवय सोडवत नसेल, तर ती सांगण्यात कमीपणा नाही. ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाला सांगा. सर, मावशी, काका, आशाताई, कोणीही असो. तेही जमत नसेल तर वर सांगितलेल्या क्रमांकावर फोन करा.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच आपल्या जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. त्यांनी आपल्याला शिकण्याचा मार्ग दाखवला. त्या मार्गावर निघालेले एकही लेकरू व्यसनापायी वाटेत पडून राहू नये, आणि पडलेच तर त्याला उचलायला चार हात पुढे यावेत, एवढीच आमची आपणा सर्वांस विनंती आहे. 

नमो बुद्धाय! जय भीम!